चराच्या भिंतीला टेकू: खर्च कोणाचा, जीव कोणाचा?

(बांधकाम कामगारांमध्ये काम करणाऱ्या सभासदांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेवर ‘खोदकामातील हलकी सुरक्षा साधने’ असे दिले आहे. ते वाचून हा विषय अभियंत्यांचा आहे, कार्यकर्त्यांचा नव्हे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. मी स्वतः अभियंता नाही. कला शाखेची पदवी घेऊन मी पक्षाच्या अनुवादाच्या कामात आले. परंतु कंत्राटांच्या अटी, सुरक्षा संहिता आणि कामगार कायदे यांचा अनुवाद करताना एक गोष्ट वारंवार समोर येत गेली. गटारासाठी किंवा जलवाहिनीसाठी खोदलेल्या चरात गाडला गेलेला कामगार क्वचितच अज्ञानाचा बळी असतो. त्याला वाचवणारा नियम आधीच लिहिलेला असतो आणि त्याला वाचवणारे साधन आधीच तयार झालेले असते. नियम आणि साधन यांच्यामध्ये फक्त खर्चाचा प्रश्न उभा असतो. खर्च कोणी करायचा आणि जोखीम कोणी घ्यायची, हा प्रश्न मात्र अभियांत्रिकीचा नाही. तो वर्गीय प्रश्न आहे आणि म्हणून तो आपला आहे.

माती कशी कोसळते

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. एक घनमीटर माती साधारणतः दीड ते दोन टन भरते. एखाद्या लहान मोटारगाडीपेक्षा हे वजन अधिक आहे. दोन मीटर खोल चराच्या कडेचा, वर एक मीटर रुंद आणि खाली निमुळता होत गेलेला केवळ एक मीटर लांबीचा तुकडा ढासळला, तरी एक घनमीटर माती खाली येते. दीड मीटर उंचीवरून पडणारे ढेकूळ सुमारे अर्ध्या सेकंदात तळाशी पोचते. तेवढ्या वेळात वाकून पाइप जोडणारा माणूस मान वर करू शकतो. बाहेर पडू शकत नाही.

डोके मातीबाहेर राहिले म्हणजे माणूस वाचला, असा एक समज आहे. तो खोटा आहे. श्वास घेणे म्हणजे बरगड्यांचा पिंजरा फुलवणे. छातीभोवती माती आवळली गेली की श्वास सोडता येतो, पुन्हा घेता येत नाही. प्रत्येक उच्छ्वासाने मोकळी झालेली जागा माती भरून काढते. छातीपर्यंत गाडलेला माणूस डोळ्यांदेखत गुदमरून मरतो. त्याला काढण्यासाठी साथीदार उडी मारतात आणि आधाराविना उभी असलेली दुसरी बाजू त्यांच्यावर येते. साथीदारांचे धाडस तेथे पुरे पडत नाही. पुरी पडते ती केवळ आधीची तयारी.

भिंत कोसळते ती का? खोदाई होण्यापूर्वी मातीचा प्रत्येक थर शेजारच्या थराने धरून ठेवलेला असतो. चर खोदला की एका बाजूचा आधार नाहीसा होतो, पण आतला दाब तसाच राहतो आणि तो खोलीबरोबर वाढतो. चिकणमाती काही तास उभी राहते. सकाळी कापलेली भिंत दुपारपर्यंत टिकली म्हणून कामगारांचा विश्वास बसतो आणि नेमक्या त्याच वेळात ती आतून सैल होत असते. पाणी मुरले की मातीचे वजन वाढते आणि तिच्या कणांची एकमेकांवरील पकड कमी होते. काठावर टाकलेला मातीचा ढीग, जवळून जाणारा ट्रक, काठाशी उभे केलेले जेसीबी यंत्र हे सारे भिंतीवर भार टाकतात. काठाला समांतर भेग दिसू लागली, तर ती पुढच्या ढासळण्याची सूचना असते. बहुधा ही भेग चराच्या खोलीच्या निम्म्या ते पाऊण अंतरावर पडते. शहरातील जमीन तर विशेष धोक्याची. जुन्या जलवाहिन्या आणि केबल यांच्यासाठी ती अनेकदा उकरलेली व पुन्हा भरलेली असते. अशी भरावाची माती एकसंध राहत नाही. मुंबईतील कित्येक भाग समुद्र हटवून भरलेले आहेत. विदर्भ, मराठवाडा, माळवा आणि उत्तर कर्नाटक येथील काळी कापसाची जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगते. गटारांची कामे आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी उरकण्याची घाई असते, म्हणजेच जमीन भेगाळलेली असताना खोदाई सुरू होते आणि पहिला पाऊस पडत असताना पाइप उतरवले जातात.

तीन जुने उपाय

या धोक्यावर तीन उपाय पूर्वापार चालत आले आहेत. पहिला म्हणजे बाजूंना उतार देणे किंवा पायऱ्या कापणे. तो उत्तम आहे, पण त्याला जागा लागते. दोन मीटर खोल व तळाशी एक मीटर रुंद चराला जेवढी खोली तेवढाच उतार दोन्ही बाजूंना दिला, तर वरची रुंदी पाच मीटर होते. वस्तीतल्या गल्लीत ती मिळत नाही. दुसरा उपाय म्हणजे उभ्या फळ्या, आडव्या तुळया आणि मधे आडवे टेकू लावून भिंती धरणे. हे काम लाकडात करता येते आणि कुशल सुतार ते उत्तम करतो. परंतु त्यात एक विसंगती आहे: टेकू ठोकण्यासाठी कोणीतरी आधाराविना असलेल्या चरात आधी उतरावे लागते. सर्वांच्या संरक्षणाची सुरुवात एकाच्या जोखमीने होते. तिसरा उपाय म्हणजे पोलादी पेटी. दोन भक्कम भिंती आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे असलेली ही पेटी चरात ठेवली जाते व काम पुढे सरकेल तशी ओढत नेली जाते. भिंत कोसळली तरी माती पेटीवर आदळते, माणसावर नाही. पण अशी पेटी टनाहून अधिक वजनाची असते. ती उचलण्यासाठी मोठे यंत्र हवे, आणि जेथे हातगाडी जेमतेम जाते अशा गल्लीत ते पोचत नाही.

‘येथे ते शक्य नाही’ हे कंत्राटदाराचे नेहमीचे उत्तर या अडचणींच्या आधारावरच उभे राहिले. उताराला जागा नाही, लाकूड महाग, सुतार मिळत नाही, क्रेन येत नाही. हे उत्तर पूर्णतः खोटे नव्हते आणि म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले.

हलक्या साधनाने काय बदलले

आता ही परिस्थिती पालटली आहे. पोलादाची घनता पाण्याच्या पावणेआठ पटींहून थोडी अधिक, तर ॲल्युमिनियमची केवळ २.७ पट. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूपासून बनवलेली दोन प्रकारची साधने आज उपलब्ध आहेत. पहिले साधन म्हणजे सुट्या भागांची पेटी. तिचे तक्ते आणि दांडे माणसे हाताने उचलून नेऊ शकतात, जागेवर खिळ बसवून पेटी जोडतात आणि काम संपल्यावर पुन्हा सुटी करतात. दुसरे साधन म्हणजे हायड्रॉलिक टेकू. ॲल्युमिनियमच्या दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये दोन दट्टे असलेले हे साधन मिटलेल्या स्थितीत चरात सोडतात. काठावर उभे राहून हातपंपाने दाब दिला की दट्टे उघडतात व पट्ट्या दोन्ही भिंतींवर घट्ट बसतात. काम झाल्यावर काठावरूनच दाब सोडून टेकू वर ओढून घेता येतो.

या दुसऱ्या साधनाचे महत्त्व ध्यानात घ्या. ते वरून बसते आणि वरूनच निघते. आधाराविना असलेल्या चरात पहिला माणूस उतरवण्याची गरजच संपते. लाकडी फळ्यांच्या पद्धतीतील विसंगती येथे सुटते. शिवाय दोन माणसे ते वाहून नेऊ शकतात, म्हणजे क्रेन न पोचणाऱ्या गल्लीतही ते पोचते. हे साधन एका ठिकाणी अडकून पडत नाही. शंभर मीटर लांब व दोन मीटर खोल चराच्या दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ ४०० चौरस मीटर होते. पण माणसे एका वेळी समजा सहा मीटरच्या पट्ट्यात काम करीत असतील, तर त्या क्षणी केवळ २४ चौरस मीटर भिंत धरायची असते. पाइप बसला, भराव झाला की तेच साधन पुढे जाते आणि या कामावरून पुढच्या कामावर जाते.

तथापि साधनाच्या स्तुतीत आपण वाहून जाता कामा नये. साधनाविषयी अर्धवट माहिती असलेला कार्यकर्ता कामगाराला धोक्यातच टाकील. पेटी भिंत धरून ठेवीत नाही; ती केवळ आतल्या माणसाला वाचवते. म्हणून पेटीबाहेर, तिच्या टोकापुढे एक पाऊलही सुरक्षित नाही. पेटी सरकवताना आत कोणी थांबू नये. टेकू मात्र भिंत धरतो, पण अतिशय ढिल्या, वाळूच्या किंवा पाणी झिरपणाऱ्या जमिनीत सुटे उभे टेकू पुरत नाहीत. तेथे आडव्या तुळया आणि सलग तक्ते लागतात. प्रत्येक साधनासोबत ते किती खोलीपर्यंत आणि कोणत्या मातीत वापरावे याचा उत्पादकाचा तक्ता असतो. तो तक्ता कामाच्या जागी नसेल, तर साधन अपुरे समजावे. वाकलेली पट्टी, तडकलेला सांधा, गळणारा दट्ट्या वापरू नये. जुन्या गटाराशेजारी किंवा चेंबरजवळ चरात विषारी वायू साठतो. त्याला टेकूचा काही उपयोग नाही, तेथे हवा तपासावीच लागते.

नियम आहेत, पण कोणासाठी?

आता नियमांकडे वळू. भारतीय मानक संस्थेने खोदकामाच्या सुरक्षेची संहिता १९६६ साली प्रसिद्ध केली. आयएस ३७६४ या क्रमांकाने ओळखली जाणारी ही संहिता १९९२ साली सुधारली गेली. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कंत्राटाला जोडलेल्या सुरक्षा संहितेत तर अगदी नेमक्या अटी आहेत. १.२ मीटर किंवा अधिक खोल चरात दर ३० मीटर लांबीला किमान एक शिडी हवी आणि ती काठाच्या वर ९० सेंटिमीटर यावी. १.५ मीटर किंवा अधिक खोल चराच्या बाजूंना उतार द्यावा किंवा त्या फळ्या-टेकूंनी घट्ट धराव्यात. उकरलेली माती काठापासून १.५ मीटर अथवा चराच्या खोलीच्या निम्मे, यांपैकी जे अंतर अधिक असेल त्याच्या आत टाकू नये. कापणी वरून खाली करावी. खालून पोखरू नये.

अमेरिकेत १९८९ साली झालेल्या नियमांशी याची तुलना करता येते. तेथे ५ फूट म्हणजे सुमारे दीड मीटर खोलीपासून संरक्षण सक्तीचे आहे, पूर्ण खडकात खोदाई असेल तेवढा अपवाद. शिडी मात्र अशी हवी की कामगाराला तिच्यापर्यंत पोचण्यास २५ फूट, म्हणजे सुमारे साडेसात मीटरपेक्षा जास्त चालावे लागू नये. आमच्या ३० मीटरच्या अटीत हे अंतर १५ मीटरपर्यंत जाऊ शकते. तेथे आणखी एक अट आहे. जाणकार व्यक्तीने रोज काम सुरू होण्यापूर्वी आणि प्रत्येक पावसानंतर चर तपासायचा असतो आणि धोका दिसला तर माणसे बाहेर काढण्याचा अधिकार तिला असतो.

नियम असले म्हणजे प्रश्न सुटला असे तेथेही झालेले नाही. २०२२ साली अमेरिकेत चर कोसळून ३९ कामगार मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी तेथील सुरक्षा प्रशासनाने तपासण्या आणि कारवाई वाढवली. २०२३ साली हा आकडा १५ वर आला. एका वर्षात माती बदलली नाही की कामगार अधिक सावध झाले नाहीत. निरीक्षक चरापर्यंत पोचू लागले, एवढाच फरक पडला.

आमच्याकडे इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी संसदेने १९९६ साली कायदा केला आणि १९९८ साली त्याचे केंद्रीय नियम आले. खोदकामाविषयी त्यात स्वतंत्र प्रकरण होते. २०२० साली संमत झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत हा कायदा विलीन करण्यात आला. कायद्याची नावे बदलली. चराच्या काठी निरीक्षक दिसत नाही ही स्थिती कायम आहे. आणि वर सांगितलेल्या कंत्राटाच्या अटी इंग्रजीत छापल्या जातात, कंत्राटदार व अभियंता त्यांवर सही करतात, आणि ज्याच्या जीवासाठी त्या लिहिल्या त्याला त्या कधीही वाचून दाखवल्या जात नाहीत.

निविदेतील गणित

मग साधन का येत नाही? उत्तर निविदेत आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत चरातील फळ्या-टेकूंचे स्वतंत्र कलम आहे आणि धरलेल्या भिंतीच्या चौरस मीटरवर त्याचे मोजमाप होते. म्हणजे या कामाचे पैसे देता येतात, हे सरकारने मान्य केले आहे. परंतु एखाद्या कामाच्या निविदेत ‘आवश्यक तो आधार दरात समाविष्ट’ एवढेच वाक्य घातले की काय होते? जो कंत्राटदार टेकूचा खर्च धरून दर भरतो त्याचा दर वर जातो. जो टेकू लावायचाच नाही असे मनात ठरवून दर भरतो त्याचा दर खाली राहतो. काम सर्वांत कमी दर भरणाऱ्याला मिळते. अशा रीतीने कामगाराचा जीव धोक्यात घालण्याची तयारी हीच स्पर्धेतील पात्रता ठरते. येथे व्यक्तिशः दुष्ट कंत्राटदाराची गरज नाही. निविदेची रचनाच सज्जनाला बाहेर काढते.

मार्क्सने हीच गोष्ट शतकाहून अधिक काळापूर्वी दाखवून दिली होती. १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भांडवल’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात कारखाना कायद्यांची चर्चा करताना त्याने आयर्लंडमधील अळशीच्या ताटांपासून तंतू काढणाऱ्या गिरण्यांचे उदाहरण दिले आहे. कॉर्कजवळच्या किल्डिनन येथील एका गिरणीत १८५२ ते १८५६ या काळात ६ मृत्यू आणि ६० अंगभंग झाले. काही शिलिंग किमतीच्या साध्या साधनांनी ते सारे टाळता आले असते. साधन स्वस्त आहे म्हणून मालक ते आपखुशीने लावतो असे नाही. ते त्याला भाग पाडावे लागते, हा त्या उदाहरणाचा अर्थ.

भाग कसे पाडावे याचा एक मार्ग अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या कायद्यात दिसतो. चर ५ फुटांपेक्षा खोल जाणार असेल, तर त्या कामाच्या निविदेत चर-सुरक्षेचे स्वतंत्र देयक कलम ठेवावे लागते आणि चराच्या लांबीवर त्याचे मोजमाप करावे लागते. भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यात असलेली ही तरतूद आपल्या नगरपालिकेला अशक्य आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. स्वतंत्र कलम असले की टेकू लावणाऱ्याला त्याचे पैसे मिळतात, न लावणाऱ्याचे बिल कापता येते, आणि मोजमाप घेणाऱ्या अभियंत्याला चराशी जाऊन टेकू डोळ्यांनी पाहावाच लागतो.

कामगारच ‘नको’ म्हणतो तेव्हा

आता एका अवघड प्रश्नाकडे येते, कारण तो टाळून चालणार नाही. टेकू आणा म्हटले की कित्येकदा कामगारच ‘नको’ म्हणतो. वडार समाजातील माणसे, तेलंगणातील पालमूरचे मजूर, झाबुआ-दाहोदकडून येणारी आदिवासी कुटुंबे यांनी या देशाचे कालवे, पाया आणि गटारे खोदली आहेत. मातीविषयी त्यांचे ज्ञान मोठे आहे. ‘आम्ही जन्मभर खोदतो आहोत, आम्हाला माती कळते,’ हे त्यांचे म्हणणे निव्वळ बढाई नसते.

पण त्या नकारामागचा हिशेब पाहा. खोदाईचा मोबदला मिळतो तो ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर, किंवा धावत्या मीटरवर. टेकू बसवण्यात आणि काढण्यात गेलेला अर्धा तास मुकादमाच्या वहीत कोठेच लिहिला जात नाही. तुकड्यावर मजुरी देणारी पद्धत कामगाराला स्वतःच्या जीवाविरुद्ध घाई करायला लावते आणि मग त्याच घाईला ‘कामगारांचा निष्काळजीपणा’ असे नाव दिले जाते. अशा कामगाराला उपदेश करणे व्यर्थ आहे. टेकू बसवण्याच्या वेळेची मजुरी मागणे, हेच त्याला दिलेले योग्य उत्तर आहे.

आपले काम

यातून आपल्यासाठी चार कामे निघतात. पहिले, आपापल्या गावच्या गटार आणि पाणीपुरवठा कामांच्या निविदा मिळवून वाचणे आणि चर-सुरक्षेचे स्वतंत्र कलम त्यांत आहे की नाही हे पाहणे. नसेल तर नगरपालिकेत आपल्या सभासदांनी आणि हितचिंतकांनी तो प्रश्न दरमंजुरीपूर्वी मांडणे. मृत्यूनंतर मोर्चा काढावा लागतोच, पण निविदेपूर्वी विचारलेला एक प्रश्न अधिक जीव वाचवतो. दुसरे, हलके टेकू व पेट्या नगरपालिकेने स्वतःच्या भांडारात ठेवाव्यात व कामागणिक कंत्राटदाराला सक्तीने भाड्याने द्याव्यात अशी मागणी करणे. लहान कंत्राटदाराची ‘परवडत नाही’ ही सबब त्याने संपते. तिसरे, टेकू बसवणे, काढणे आणि रोजची तपासणी यांच्या वेळेची मजुरी मिळवणे.

चौथे काम भाषेचे आहे. या वर्गात इंदूर, हैदराबाद, बडोदे, भिलाई येथून आलेले साथी आहेत. तुमच्या नाक्यावर मराठी, हिंदी, तेलुगू, भिली बोलणारी माणसे एकाच चरात उतरतात. त्यांच्यासाठी कंत्राटातील पाने भाषांतरित करण्याची गरज नाही; त्यांतील चार वाक्ये पुरेत, आणि ती कामगाराच्या शब्दांत हवीत. अनुवादात ‘खंदक’ लिहिणे सोपे आहे, पण कामगार ‘चर’ म्हणतो, हिंदीत ‘नाली’ म्हणतो. म्हणून असे सांगा: चर छातीएवढा खोल झाला की टेकूशिवाय उतरू नका. काढलेली माती काठावर ठेवू नका. शिडी लावल्याशिवाय काम सुरू करू नका. भेग दिसली किंवा पाऊस पडला की आधी बाहेर या, मग बोला.

दीड मीटर ही मर्यादा कागदावर आहे. छातीची उंची प्रत्येकाजवळ आहे, ती मोजायला टेप लागत नाही. ही चार वाक्ये आपल्या तालुक्यातील प्रत्येक नाक्यावर तेथील भाषेत बोलली जाऊ लागली, की उद्या मुकादम टेकूशिवाय उतरायला सांगेल तेव्हा एकटा कामगार नकार देणार नाही, सगळी टोळी देईल. साधन हलके झाले आहे. ते चरापर्यंत वाहून नेण्याची ताकद मात्र संघटनेचीच असणार आहे.